सिस्टरचा चष्मा

सिस्टरचा चष्मा पुन्हा दुरुस्तीला आला, तेव्हा चष्मेवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फ्रेम चांगली दणकट, पण उजव्या काडीचा स्क्रू दर पंधरवड्याला सैल. चर्चमागच्या कॉन्व्हेंटमध्ये राहणारी ही म्हातारी नन काउंटरपाशी बसायची, त्याची लेक स्क्रू आवळून द्यायची आणि दोघींची कुजबुज चालायची. बाप जवळ आला की दोघी गप्प. कुठंतरी पाणी मुरत होतं.

बायको गेल्यापासून घर आणि दुकान लेकीनंच सांभाळलं होतं. हल्ली ती रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायला लागली होती, आणि चालून आलेलं चांगलं स्थळ तिनं नाक मुरडून परत पाठवलं होतं. म्हातारीनं पोरीला गळाला लावलंय, बापानं ठरवूनच टाकलं. दुकानात यायला निमित्त हवं, म्हणून स्क्रूही तीच सैल करत असणार.

एका दुपारी तो तरातरा कॉन्व्हेंटमध्ये गेला. सिस्टर भाजी निवडत होत्या.

"स्पष्टच विचारतो, सिस्टर. तो स्क्रू तुम्हीच सैल करता ना? एकुलती एक पोर आहे माझी."

"अहो, एवढा बारका स्क्रू मला दिसला असता तर चष्माच कशाला लागला असता?" त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "दुकानातून आणते तेव्हाच तो सैल असतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

स्क्रू आवळायला पोरीला त्यानंच शिकवलं होतं. तिच्या हातून तो चुकून सैल राहणं शक्यच नव्हतं.

"तिला आमच्यात यायचंय," सिस्टर म्हणाल्या. "हे देवाचं बोलावणं, की नुसती घरातून सुटका हवीय, ते पारखायला आम्ही काही वर्षं घेतो. पण आधी वडिलांना विचार, असं मी तिला कितीदा सांगितलं. घरच्यांपासून लपवून आलेली मुलगी आम्ही घेत नाही. तुम्हाला विचारायचा धीर होत नाही म्हणते."

परत येताना त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पोरीला थांबवायला त्याला काही करायचीच गरज नव्हती. तो मूग गिळून बसला, की पोर कधीच विचारणार नव्हती आणि घरातच राहणार होती.

लेक काचा पुसत होती. "कुठे गेला होतात, पप्पा?"

थाप ओठांवर तयार होती. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून पोरीचा हात थांबला, आणि तिचा रंगच उडाला. आपली पोर आपल्याला इतकी भिते, हे त्याला आजवर दिसलंच नव्हतं. ते त्याला फार लागलं.

"सिस्टरकडे," तो म्हणाला. त्यानं दुकानाचं दार लावलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "आता मला विचार."