खालील सही करणार

नरहरराव देवळगावकर कालवे आणि धरणांच्या सरकारी खात्यात चौतीस वर्षं इंजिनीअर होते. एवढ्या काळात त्यांनी प्रत्यक्ष कालवा सात वेळा पाहिला आणि त्यातल्या दोन वेळा त्यात पाणी होतं. बाकीची नोकरी फायलींत गेली. त्याची त्यांना खंत नव्हती. धरण काय, गवंडीही बांधतो. पण धरणाला तडा गेला तर तो आपल्या सहीखाली येऊ नये असं पत्र लिहायला अक्कल लागते. ती आपल्याकडे आहे, असं त्यांचं स्वतःबद्दलचं प्रामाणिक मत होतं.

निवृत्तीनंतर सात वर्षं ही अक्कल बरकतपुऱ्याच्या घरात पडून होती. पत्नी इंदुमतीबाईंवर तिचा प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. जामबागच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती. उपम्यात मीठ बरोबर आहे का, या प्रश्नाला "बघू" हे उत्तर त्या धरतच नसत.

अशात एक दिवस विनय आला. विनय म्हणजे नरहररावांच्या मावसभावाचा मुलगा, शहराबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्लेसमेंट ऑफिसर. तपासणी समिती यायची होती आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीच्या जगासाठी तयार करणारा एक 'इंडस्ट्री एक्स्पर्ट' कागदावर दाखवणं भाग होतं.

"काका, तुम्ही इंडस्ट्रीतलेच ना?" विनयने विचारलं.

"नाही असं काही म्हणता यायचं नाही," नरहरराव म्हणाले. विनयने तो होकार धरला. त्याचीही गरज होतीच.

नरहरराव त्याच संध्याकाळी सुलतान बाजारात जाऊन टाय घेऊन आले. गाठ आधीच मारलेला, मागे रबर असलेला. "साब, ये तो स्कूल के बच्चां पैनते," दुकानदाराने दखनीत इमानाने सांगितलं. शाळेसाठीच हवाय, असं नरहररावांनी त्याला सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

विषय होता व्यावसायिक पत्रव्यवहार, समोर साठ मुलं. नरहररावांनी जे येत होतं ते मन लावून शिकवलं. पत्रात 'मी' कधी येऊ द्यायचा नाही, कारण उद्या चौकशी लागली की ती त्याचाच पत्ता विचारत येते. 'मी'च्या जागी लिहायचं 'खालील सही करणार'. कुणाला 'हो' म्हणायचं नाही, 'नोंद घेण्यात आली आहे' म्हणायचं. आणि शेवटी 'योग्य वेळी कळविण्यात येईल' लिहून दार किलकिलं ठेवायचं. योग्य वेळ कुठली, हे मात्र ब्रह्मदेवालाही सांगायचं नाही. हे सगळं त्यांनी फळ्यावर इंग्रजीत लिहून दिलं. भाषा साहेबाची होती, आत्मा सरकारी होता.

साठांपैकी एकोणसाठ जण बाकाखाली मोबाइल बघत होते. पहिल्या बाकावरची मेघना बिरादार तेवढी शब्द न् शब्द उतरून घेत होती. तिच्या आजोबांची शेती बिदरकडे, वडिलांचं काचीगुड्याला पंपदुरुस्तीचं दुकान. नोकरी करणारं त्या घरातलं ती पहिलंच माणूस होणार होती, म्हणून तिला काही सोडायचं नव्हतं. इतक्या मन लावून नरहररावांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते टाय न काढताच जेवायला बसले.

दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळी मेघना त्यांच्या दारात उभी राहिली. रडून झालेलं दिसत होतं.

झालं होतं ते असं. एका कंपनीने तिला निवडलं आणि 'येताय का, गुरुवारी पाचपर्यंत कळवा' अशी मेल पाठवली. वर्गातल्या आणखी चौघांनाही तीच मेल गेली होती. तिघांनी एका ओळीत 'येतो, थँक्यू' लिहिलं. चौथ्याने तर नुसता अंगठा पाठवला. मेघनाने मात्र वही उघडली आणि तिच्यातल्याच इंग्रजीत लिहिलं: आपले पत्र मिळाले. मजकुराची नोंद घेण्यात आली आहे. सदर प्रस्ताव विचाराधीन असून, कोणत्याही हक्कास बाध न येता, निर्णय योग्य वेळी कळविण्यात येईल. खालील सही करणार, मेघना बिरादार.

कंपनीतल्या कुलदीप नावाच्या अधिकाऱ्याने ही मेल दोनदा वाचली आणि वकिलांकडे पाठवली. वकिलांचं म्हणणं पडलं की ही मुलगी एक तर नको म्हणते आहे, नाहीतर दावा ठोकणार आहे. दोन्ही बाबतीत जागा पुढच्या उमेदवाराला द्यावी. विनयने हातापाया पडल्यावर कुलदीप एवढंच म्हणाला, की यादी सोमवारी दहाला पक्की होईल, तोवर काही स्पष्ट कळलं तर बघतो.

"तुला नोकरी हवी होती ना? मग तसं लिहायचं," इंदुमतीबाई पाणी देत म्हणाल्या.

"आजी, सरच बोलले ना, तसं सरळ लिहायचं नक्को म्हणून."

नरहरराव छताच्या पंख्याकडे बघू लागले. ज्या एकोणसाठांनी त्यांचं ऐकलं नाही ती सुखरूप होती. ऐकलं ती एकटी बुडाली होती. खात्याचं कुठलंच धरण इतकं अचूक फुटलं नव्हतं.

मेघनाने तिथेच बसून आपल्यापुरतं लिहून टाकलं: मला ही नोकरी हवी आहे, सांगाल त्या दिवशी मी येते. अर्धा मिनिटही लागलं नाही. पण आधीचं ते पत्र मग काय होतं, असं कुलदीप विचारणार. ते आपल्याला कळवावं लागेल, असं नरहरराव म्हणाले आणि कागद-पेन घेऊन बसले. कच्चा मसुदा झाल्याशिवाय त्यांना मोबाइलवर अक्षर उमटवता येत नसे.

"सदर पत्राच्या मसुद्यात काही त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे," त्यांनी वाचून दाखवलं.

"राहून गेली? पाहुणी होती का?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "आणि कुणाच्या निदर्शनास आली?"

दुसऱ्या मसुद्यात त्रुटी 'मार्गदर्शकांकडून अनवधानाने' झाली.

"हे मार्गदर्शक कोण?"

"खालील सही करणार."

"अहो, त्याला आईबापांनी नाव ठेवलंय की नाही?"

त्यापेक्षा सोमवारी टाय लावून समक्षच जाऊन येतो, असं नरहरराव म्हणाले. गळ्याला रबर लावून माफी मागायला जाऊ नका, असं इंदुमतीबाईंनी सांगितलं. त्यावर मेघना हसली, मग हसल्याबद्दल ओशाळली आणि पुन्हा घड्याळाकडे बघू लागली.

तिसऱ्या कागदावर नरहररावांनी 'मी' लिहिलं आणि पेन तिथेच अडलं. त्यांना एकनाथराव आठवला. खात्यातला ओव्हरसियर; पत्रात बिनधास्त 'मी' लिहायचा. एकही बढती न मिळता निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभाला मात्र इतके लोक आले की चहा दोनदा मागवावा लागला. नरहररावांच्या वेळी एकाच किटलीत भागलं होतं, वर उरलाही होता.

मग त्यांनी लिहिलं: 'मी नरहर देवळगावकर. मेघनाने ते पत्र मी शिकवलं तसं लिहिलं. मी चुकीचं शिकवलं. मुलीला नोकरी हवी आहे. आणि सांगितलेलं काम ती शब्दशः करते, याचा लेखी पुरावा आपल्याकडे आहेच.'

इंदुमतीबाईंनी वाचून कागद परत दिला. तीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईने एकही खूण केली नव्हती.

मेघना मराठी बोलायची, पण वाचताना अडखळायची; म्हणून इंदुमतीबाईंनी वाचून दाखवलं आणि तिने ते इंग्रजीत करून दोन्ही मेल पाठवल्या. दहा मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द होता: नोटेड.

नरहरराव खुर्चीत मागे टेकले. हा शब्द त्यांनी हजारो अर्जांवर स्वतः लिहिला होता. त्यानंतर तो अर्ज कुठल्या कपाटात जातो, हे त्यांना ठाऊक होतं. त्या कपाटाला किल्ली नव्हती, हेही ठाऊक होतं.

"सर, टेन्शन नक्को. नोटेड म्हणजे हौ," मेघना म्हणाली, पण तिचाही आवाज खात्रीचा नव्हता.

"आमच्यात नोटेड म्हणजे नक्को," नरहरराव म्हणाले.

रविवार कसाबसा गेला. चौतीस वर्षांत ज्यांना ज्यांना 'नोटेड' मिळालं, ती माणसं एकेक करून आठवत राहिली. बांधावरून पाट मागणारा दत्तोबा त्यात तीनदा आला, कारण त्याचे अर्जच तीन होते. तो शब्द घेऊन घरी गेल्यावर माणूस रविवारी काय करत असेल, हा प्रश्न नरहररावांना आजवर पडला नव्हता.

सोमवारी दहाला ते फोन समोर ठेवून बसले. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. इंदुमतीबाईंनी दोनदा जेवायचं विचारलं, तर त्यांना 'बघू'सुद्धा म्हणता येईना. दहा चाळीसला फोन वाजला. मेघनाचा निरोप होता:

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, खालील सही करणार हिचे नाव यादीत आले आहे. योग्य वेळी पेढे देण्यात येतील. योग्य वेळ म्हणजे आज पाच वाजता.'

नरहररावांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनात त्यांच्या लक्षात आलं, की मराठी पाटीसुद्धा अडखळत वाचणाऱ्या मुलीला 'उपरोक्त' लिहिता येणं शक्य नाही. स्वयंपाकघरात इंदुमतीबाई आपल्या फोनकडे बघून, पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणजे बातमी आधी तिथे पोचली होती. योग्य मार्गाने.

उत्तर द्यायला हवं होतं. त्यांच्या बोटांनी सवयीने 'नोटेड' असं उमटवलं. त्यांनी ते एकेक अक्षर करून पुसलं, आणि मसुदा न करता सरळ लिहिलं:

'हौ. ये. मी घरी आहे.'