चुंबकाचं वाण

संक्रांतीनंतर मेहुणीचा, शालूचा, हातकणंगल्याहून फोन आला.

"दाजी, स्नेहलकडं हळदीकुंकवाला चाललोय. वाणात चुंबकाचा पट्टा हाय. बीपीची गोळी सोडली मी."

मी मोटरसायकल काढली. वाटेत मेडिकलमधून तिच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या.

असाच मनगटाचा पट्टा स्नेहलनं मागच्या वर्षी माझ्या बायकोला, रंजनाला, दिला होता. वाण कोणी नाकारत नाही. पट्टा फुकट द्यायचा आणि मागून चुंबकाची गादी विकायची, हा तिचा धंदा. पट्ट्याबरोबर गोळी चालत नाही, असं ती सांगते. रंजनानं ऐकलं. पावसाळ्यात भाकरी थापताना तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. गेली. पट्टा हातात तसाच होता.

स्नेहलच्या सोप्यात बायका बसल्या होत्या. टेबलावर नालासारखं चुंबक होतं आणि त्याच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तार झोपाळ्यासारखी टांगलेली होती. स्नेहलनं तार बॅटरीला जोडली. तार टुणकन बाहेर उडाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"तारंत वीज वाहती, म्हणून चुंबक तारंला ढकलतंय," स्नेहल म्हणाली. "रक्तात बी तसलेच कण वाहत्यात. मग रक्ताला ढकलणार न्हाय व्हय?"

मी आत शिरलो.

धोंडुबाई नावाची म्हातारी ओरडली, "पावणं, हळदीकुंकवात गडी माणूस? लाज हाय का न्हाय?"

"बायकोबरोबर जळली."

मी बॅटरीची तार उपसली. "चुंबक हितंच हाय की. हलीव आता."

"वीज न्हाय, मग कशी हलंल, काका?"

"मग एवढीशी तार हलवायला एवढी मोठी बॅटरी लागती. माणसाच्या अंगात कुठं हाय एवढा करंट? आन् रक्त ढकललंच असतं, तर रंजना का गेली?"

स्नेहलनं मान खाली घातली नाही. "काकूंचा विश्वास कमी पडला."

मी ते चुंबक उचललं आणि अंगणात भिरकावलं. शालू उठून आली.

"दाजी, तमाशा नगं. वाण पदरात घेतलंय, आता परत कसं देऊ?"

"देऊ नगंस. दोन्ही हातांत घाल. पण ही गोळी माझ्यासमोर गीळ."

"पट्ट्यासंगं चालत न्हाय."

"मग मी हितनं हालत न्हाय."

मी जाजमावर बायकांच्या मधोमध बसलो. हळदीकुंकू थांबलं. कोणी करंडा उघडेना. शेवटी धोंडुबाईच वैतागली.

"गीळ की बाई एकदाची! ह्यो खांब हालायचा न्हाय, आन् माझ्या म्हशीची धार ऱ्हायलीया."

शालूनं मसाला दुधाबरोबर गोळी घेतली.

"जीभ दाव."

तिनं दाखवली. डोळ्यांत नुसता राग होता.

"उद्या परत येणार," मी म्हणालो.

"दार उघडणार न्हाय मी."

"दारात बसतो. आरडाओरडा करीन. गल्ली गोळा हुईल."