डाव्या मडगार्डचा पोचा

धनंजयच्या हातून अपराध घडला तो मे महिन्यात, भर दुपारी, आणि पदवी असलेल्या माणसाच्याच हातून घडावा असा घडला.

वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो शिकवायचा आणि उरल्या वेळात जुन्या वळणाची छोटी विजेची गाडी तयार करायचा. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, दोनच दारं. आत मात्र बॅटरी आणि मोटर. बॅटरी-मोटर जमली, गोलाई जमेना. कॉम्प्युटरवर काढलेली गाडी दर वेळी बेडकासारखी दिसे. मग त्याला पुलगावचे बबनराव गुरुजी आठवले. त्यांनी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं, आणि त्यांच्या दारात अगदी अशीच दोन दारांची, साठ-पासष्ट सालातली क्रीम रंगाची गाडी होती. गुरुजी दसऱ्याला तिला हार घालत आणि एरवी कोणाला बोट लावू देत नसत. धनंजयने ती मापं घ्यायला म्हणून आठ दिवस मागितली. विद्यार्थी म्हणून गुरुजींनी दिली; जावयाला दिली नसती.

मापं कसली! त्याला थेट गाडीवरच फायबर चढवून साचा काढायचा होता. विचारलं तर गुरुजी नाही म्हणतील हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने विचारलंच नाही.

डेंटिंग-पेंटिंगवाल्या रूपरावाने बजावलं होतं की पत्र्यावर आधी मेण घासायचं, म्हणजे फायबर सुटून येतं. पाच हात द्यायचे, आणि काम उजाडता उजाडता उरकायचं. धनंजयने मेणाच्या डब्यावरची सूचना वाचली. तिथे दोन हात लिहिले होते. लिहिणाऱ्याने वर्ध्याचा मे पाहिलेला नसावा. धनंजयने दोनच दिले, तेही भर दुपारी. टिनाच्या शेडमध्ये मेण पाघळून खाली उतरलं आणि फायबर पत्र्याला असं चिकटलं की दुसऱ्या दिवशी पाचरी ठोकून काढावं लागलं. सोबत रंग निघाला, जुनी पुट्टी निघाली, छताचा पत्रा दुमडला. साचा मात्र घासूनपुसून घेतल्यावर झकास निघाला. गुरुजींची गाडी सोललेली समोर उभी होती आणि धनंजयला आधी साच्याचा आनंद झाला. पुढचे सहा महिने त्याला जाळलं ते ह्या आनंदानेच.

रूपरावाने खपून गाडीला पुन्हा तोच क्रीम रंग चढवला, आणि हात चालूच होता म्हणून डाव्या मडगार्डवरचा एक जुना पोचाही बुजवून टाकला. आठ दिवसांची गाडी सात आठवड्यांनी परत गेली. गुरुजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. चहाही विचारला नाही.

शिव्या दिल्या असत्या तर धनंजय सुटला असता. आता फळ्यावर समीकरण लिहिताना त्याचा हात मधेच थांबू लागला, आणि साध्या क्रीम बिस्किटाकडेही त्याला बघवेना. नवी गाडी लोकांना दाखवायचा दिवस ठरला. नारळ गुरुजींच्याच हातून फोडायचा होता. त्याआधी सगळं कबूल करायचं म्हणून एका रविवारी तो पुलगावला गेला.

दार देवकाबाईंनी, गुरुजींच्या पत्नीने उघडलं. त्या भलत्याच खुशीत होत्या. त्यांनी त्याच्यापुढे शिरा ठेवला आणि आपणहून सांगत सुटल्या. अडतीस वर्षांपूर्वी त्या गाडी शिकत होत्या. शाळेच्या फाटकाच्या खांबाला मडगार्ड लागलं. गुरुजी सगळ्या मास्तरांदेखत म्हणाले की ह्या हाताला लाटणंच शोभतं, आणि मास्तर पोटभर हसले. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. गुरुजींनीही पोचा कधी काढला नाही. येईल त्या पाहुण्याला दाखवत राहिले.

"आता तूच पाह्य," त्या म्हणाल्या. "गाडी तुह्याकडं गेली अन् यायनं गुपचूप तो पोचा काढून घेतला. मले एका शब्दानं सांगतलं नाई. माफी मांगाले लाजते माणूस, म्हून असं केलं."

गुरुजी सुपारी कातरत खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

धनंजयने शिऱ्याची बशी तशीच बाजूला ठेवली. निघताना गुरुजी फाटकापर्यंत आले. कोणाला सोडायला ते कधी उठत नसत.

"तू काही सांगाले आलता."

"हो गुरुजी. गाडी मी..."

"छतावरून हात फिरवला तं समजते मले. पण सांगू नको. इतक्या वर्सांनी तुही काकू माह्यासंग हासून बोलून राह्यली."

म्हणजे अपराध एकाचा, शिरा दुसऱ्याला. आणि गुरुजींनाही ते पचत नव्हतं, हे त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं.

पण साच्यात पोचा उतरला होता, आणि साच्यातून नव्या गाडीत. रूपराव पुट्टी घेऊन तयार, तासाभराचं काम. बुजवला असता तर कोणाला कधी कळलं नसतं. धनंजयने त्याला दोनदा हो म्हटलं आणि दोनदा त्याचा हात धरला. दडपायचं त्याच्याने होईना, सांगायची छाती होईना. शेवटी पोच्यावरूनच पिस्ता रंग मारला गेला.

कार्यक्रमाला गुरुजी आपल्या गाडीतून सपत्नीक आले. नारळ फुटला, फोटो निघाले. देवकाबाई कौतुकाने नव्या गाडीभोवती फिरत डाव्या चाकाशी आल्या आणि थांबल्या. मडगार्डवर त्यांनी तळवा ठेवला आणि उचलला नाही.

"हे इथं काऊन?"

गुरुजींनी धनंजयकडे पाहिलं. गृहपाठ न केलेलं पोरगं मास्तरकडे पाहतं, तसं.

धनंजयने सांगितलं. मेण, डबा, पाचरी, सोललेला पत्रा, काही वगळलं नाही. "पोचा गुरुजींनी नाही काढला, काकू. मी गाडीची वाट लावली. ती झाकताना तो गेला."

देवकाबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "अन् तुम्ही चार महिने शिरा खाल्ला."

कोणीतरी बुकिंग कधी सुरू होणार म्हणून धनंजयला विचारत होतं. त्याला ऐकू आलं नाही. सांगून टाकलं की हलकं वाटेल, अशी त्याची समजूत होती.

परत निघताना देवकाबाई नेहमीच्या पुढच्या जागेवर बसल्या नाहीत. दोन दारांच्या गाडीत मागे जायचं तर पुढची सीट वाकवून धरावी लागते. सगळ्यांदेखत गुरुजींनी ती धरली. देवकाबाईंनी चढायला वेळ लावला, आणि त्या नीट बसेपर्यंत गुरुजी तसेच वाकून उभे राहिले.