अकरा वर्षांचं उलटं हाड

मी एक जुना सापळा आहे. दचकू नका मित्रांनो, प्लास्टिकचा आहे! कारखान्यातल्या साच्यातून निघालो, तारांनी आणि स्क्रूंनी जोडला गेलो आणि फिजिओथेरपीच्या कॉलेजात लोखंडी दांड्याला लटकलो. किती तरी वर्गांनी माझ्याकडे बघून परीक्षा दिल्या. सर मला कौतुकाने 'हाडाचा शिक्षक' म्हणत, आणि मीही ते खरं धरून चाललो होतो.

मग एकदा खोलीला रंग द्यायचा निघाला. हलवाहलवीत माझे दोन्ही कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालची आडवी हाडं, निखळले. शिपाईकाकांनी ते मोठ्या मायेने परत बसवले, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. त्यामुळे खालची बाजू वर आली. कुणाच्याच लक्षात आलं नाही. सांगायला लाज वाटते, पण अकरा वर्षं मी चुकीचं शिकवत होतो.

गेल्या वर्षी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी माझ्यासमोर बसू लागली. शरीररचनेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर वर्ष गेलं असतं. फोनमधल्या एआयकडे ती आयती उत्तरं मागत नसे. "तू मला विचार, आणि चुकले तर सोडू नकोस," असं बजावायची. तोही न कंटाळता विचारायचा. दोघांचं मला फार कौतुक वाटे.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी त्याने विचारलं, "कॉलरबोनची लांबट खाच कुठल्या बाजूला असते?"

तिने माझ्याकडे बघितलं. "वरच्या."

"नाही, खालच्या."

"अरे, समोर दिसतेय ना मला!"

"माझंही चुकू शकतं. पुस्तकातली आकृती आणि हाड, दोन्ही ताडून बघ."

तिने पुस्तक उघडलं, माझ्या हाडावरून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, याची तर बाही उलटी जोडलीय!"

"सर शिकवतात तेच सांग आणि मोकळी हो," मैत्रिणी म्हणाल्या. रात्रभर तिला झोप लागली नसावी, कारण सकाळी तिचा चेहरा उतरलेला होता. परीक्षेत सरांनी नेमकं त्याच खाचेवर बोट ठेवून तिची बाजू विचारली.

"सर, ही खाली असते. याची हाडं उलटी बसलीत."

"कोण म्हणतं? फोन?"

"आधी फोन म्हणाला. मग पुस्तक बघितलं. मग हाड."

सर चष्मा पुसून वाकले. त्या खाचेवरून त्यांनीही बोट फिरवलं. मग स्क्रूड्रायव्हर मागवून त्यांनी माझी हाडं सोडवली आणि तिच्या हातात दिली. "तूच बसव."

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला जपून हाताळा. पण सापळा असो, फोन असो की सर, सांगितलेलं एकदा स्वतः ताडून बघा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

ती पास झाली. त्याच संध्याकाळी सर माझ्यासमोर बसून गेल्या अकरा वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांना पत्र लिहीत होते. पहिली ओळ मी वाचली : 'मुलांनो, माझं चुकलं.'