पाचाला सात

वर्गात तिला सगळे टाचणी म्हणत. बारीक अंगाची म्हणून नव्हे. कुठल्याही विषयाला टोचल्याशिवाय तिला चैन पडत नसे म्हणून. बाप फरश्या बसवायचा, आणि बापाचा शब्द म्हणजे तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

त्या दिवशी गणिताच्या बाईंनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला. काटकोनाच्या दोन्ही बाजू पाच-पाच. "कर्ण किती? घाई नको, विचार करून सांगा," असं त्या म्हणेपर्यंत टाचणी उभीसुद्धा राहिली होती.

"सात!"

"कशावरून?"

"माझे बाबा सांगतात. पाचाला सात. तिरप्या फरश्या ते असंच मोजून कापतात."

बाईंनी फळ्यावर लिहिलं. पाचाचा वर्ग पंचवीस, दुसरा पंचवीस, मिळून पन्नास. शेजारी साताचा वर्ग, एकोणपन्नास. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हिच्या बाबांच्या सगळ्या फरश्या वाकड्या!" आणि अख्ख्या वर्गाने दात काढले.

टाचणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती स्वतः चुकली असती तर जीभ चावून खाली बसली असती. पण इथे बाबा चुकले होते, आणि तेही चारचौघांत. "एकानेच तर चुकलंय," ती कशीबशी म्हणाली. "पाच-सात नसेल, पूर्ण आकड्यांची दुसरी एखादी जोडी बरोबर असेलच. मी शोधून आणते."

"शोध," बाई म्हणाल्या. "कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट यायला हवा, एवढं लक्षात ठेव." पुस्तकातलं उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते ओठांवर येऊ दिलं नाही. शिकवण्यातली निम्मी कला अशी गप्प बसण्यात असते, आणि ती फार थोड्यांना जमते.

झालं, पोरगी हात धुऊन आकड्यांच्या मागे लागली. बाराला सतरा करून पाहिलं. हवे होते दोनशे अठ्ठ्याऐंशी, आले दोनशे एकोणनव्वद. सत्तरला नव्याण्णव घेतले. हवे होते नऊ हजार आठशे, आले नऊ हजार आठशे एक. कधी एक कमी, कधी एक जास्त. परवा दात काढणारेच आता मधल्या सुट्टीत तिच्याभोवती कोंडाळं करून जोड्या सुचवू लागले, पण तो एक काही केल्या हटेना. टाचणीच्या अंगावर काटा यायचा. कुणीतरी आपल्याला थेट उंबऱ्यापर्यंत येऊ देतंय आणि आत मात्र घेत नाही, असं तिला वाटायचं.

शेवटी कंटाळून तिने कामचुकारपणाची एक युक्ती काढली आणि तासाला उठून सांगितली. "बाई, सगळे आकडे तपासायची गरजच नाही! कुठल्याही वर्गाच्या शेवटी शून्य, एक, चार, पाच, सहा नाहीतर नऊ येतो. त्यांची दुप्पट केली की शेवटी शून्य, दोन नाहीतर आठ. दोन्हीकडे जुळतं ते फक्त शून्य. तेवढेच तपासायचे!"

बाईंच्या हातातला खडू थांबला. "मग कर्णाच्या शेवटी काय असणार?"

"शून्य."

"आणि बाजूच्या?"

"शून्य नाहीतर पाच."

"म्हणजे दोघांनाही पाचाने भाग जातो. देऊन टाक की."

टाचणीने मनातल्या मनात भाग दिला. लहान जोडी मिळाली. पण तीही बरोबरच असायला हवी, म्हणजे तिच्याही शेवटी तेच, म्हणजे पुन्हा पाचाने भाग. पुन्हा लहान, पुन्हा भाग. तिचे पुटपुटणारे ओठ थांबले. आकडा कितीही दांडगा असला तरी पाचाने भाग देता देता कुठेतरी संपतोच, आणि ही जोडी तर संपायलाच तयार नव्हती.

"म्हणजे अशी जोडी नाहीच," ती हळूच म्हणाली. "कितीही शोधली तरी."

बाई खुर्चीत बसल्या. "पूर्ण आकड्यांच्या कुठल्याच जोडीने जी मांडता येत नाही, अशा संख्येला अपरिमेय म्हणतात," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं मी हे सम-विषमावरून शिकवत आले. शेवटच्या आकड्यावरून मला कधी सुचलं नव्हतं गं." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

टाचणी मात्र भेदरली होती. बाबांची बाजू सावरायला निघालेली ती, आणि आता तर तिने स्वतःच्याच हाताने सगळा मार्ग बंद करून टाकला होता.

शाळा सुटल्यावर ती तडक बाबांच्या कामावर गेली. नव्या इमारतीतल्या मोठ्या दालनात बाबा गुडघ्यांना फडकी बांधून बसले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. फक्त हसण्याचं तेवढं गाळलं.

बाबांनी एका फरशीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. "ही इथे सुरू झाली, इथे संपली. डोळ्यांसमोर आहे. मग हिला माप कसं नाही?"

"बाजूच्या मापात मोजली तर कुठलाच अपूर्णांक बरोबर बसत नाही, बाबा. केसभर उरतं नाहीतर केसभर कमी पडतं. कायमचं."

बाबांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. "तो केसभर मी आजवर भिंतीकडेच्या पट्टीखाली लपवत आलो," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझाच हात कच्चा आहे."

मग त्यांनी तिच्याकडून शेवटच्या आकड्यांचं पुन्हा समजावून घेतलं, सिमेंटच्या धुळीत बोटाने लिहीत. तिसऱ्यांदा 'परत पाचाने भाग' म्हणताना त्यांचं बोट थबकलं. त्यांनी गुडघा हळूच त्या फरशीवरून बाजूला घेतला.

"जन्मभर ह्यांच्यावर गुडघे टेकून बसलो," ते म्हणाले, "आणि हे कधी दिसलंच नाही." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "सात म्हटल्यावर वर्गात हसले का गं?"

टाचणीला खोटं बोलवेना. "हसले."

"उद्या सांग त्यांना, बाबा चुकले होते." बाबांनी समोर पार भिंतीपर्यंत पसरलेल्या फरश्यांवरून नजर फिरवली. "आणि हेही सांग, की ऐकून बाबांना फार आनंद झाला."