मुकादमाची शिरगणती

मुकादमाने बायकोच्या टाचेला हलकेच दात लावले, तशी ती हातातली झारी कुंडीशीच टेकवून स्वयंपाकघराकडे निघाली.

"आले रे बाबा, आले! जीव नको खाऊस."

मुकादम म्हणजे वीतभर पायांचा आणि भल्यामोठ्या कानांचा कॉर्गी कुत्रा. त्याच्या पूर्वजांनी टाचांना चावे घेत गुरं हाकली. याच्या वाट्याला बायको आणि तिची तेरा वर्षांची मुलगी आली होती. जेवायच्या वेळी दोघींना टाचा धरून आत आणायचं आणि दारात आडवं पडून सुस्कारा सोडायचा, हा त्याचा रोजचा खाक्या. कळप पुरा झाला!

खिडकीपाशी पेपर धरून बसलेला नवरा कळपात नव्हता. या घरात येऊन त्याला सहा महिने झाले होते. दिवसभर सलूनमध्ये गिऱ्हाइकांची डोकी सांभाळून आला, की तो मुकादमाला विंचरायचा, पंजांमधले केस कापायचा, वजन वाढून पाठ धरू नये म्हणून बिस्किटांचा डबा लपवायचा. मुकादम सगळी सेवा करून घ्यायचा आणि अंग झटकून चालता व्हायचा. एकदोनदा तर नवरा मुद्दाम टाचा घाशीत त्याच्या समोरून गेला. मुकादमाने जांभई दिली. कुत्र्यावर रुसायचं का आपलं वय आहे, असं स्वतःला बजावूनही त्याला वाईट वाटायचंच.

मुलगी त्याला अजून कशानेच हाक मारत नसे. "ते आलेत," एवढंच आईला सांगायची.

"अहो, येताय ना?" बायकोने आतून विचारलं.

"आलोच."

पण तो उठला नाही. मुकादम दारात आडवा झाला. त्याला ओलांडून मुलगी बाहेर आली, तिच्या हातात पाण्याचा जग होता. तिने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"ए, झोपतोस काय?" ती मुकादमाला म्हणाली. "आपलं एक माणूस राहिलंय ना बाहेर! जा, आण."

मुकादम कुरकुरत उठला. खुर्चीला एक फेरी घातली आणि टाच पकडली. मोजा टर्रकन फाटला.

"चावला का हो?" बायको धावत आली.

"चांगला कडकडून!" तो उभा राहत म्हणाला. त्याला हसू आवरेना.

मुलगी जग घेऊन आत वळली होती. दारापर्यंत आठ पावलं होती. मुकादम मागून ढोसत होता आणि तो ती पावलं जमेल तितकी हळू चालला.