चादरीचा कोपरा

गल्लीत सकाळपासून लाउडस्पीकर कोकलत होता आणि मी दार लोटून मशीनवर बसले होते. लग्नाला जायचं नाही, हे ठरलेलंच होतं. कोंग आणि त्याचा जोडीदार वीत यांच्या पलंगाची चादर मीच शिवून दिली होती, कडेला सोनेरी पट्टी लावून. तेवढं पुरे झालं. दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करू देणारा कायदा आजपासून लागू. दोघं पहाटेच जिल्हा कचेरीत रांगेला उभे राहिले. दहा वाजता लग्नाचा कागद घेऊन परत आले, तेव्हा अख्खी गल्ली अशी ओरडली की कालव्यावरचे बगळे उडाले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला आणि रागही आला. हाच मेला कायदा तीन वर्षं आधी आला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

तीन वर्षांपूर्वी छवी गेली. चौतीस वर्षं आम्ही दोघी या घरात राहिलो, एका पलंगावर झोपलो. गल्लीला आम्ही शिवणकामवाल्या मैत्रिणी. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातं विचारलं होतं, तिथे मी ‘मैत्रीण’ लिहिलं. विहारात दहनाच्या दिवशी तिचा भाचा घरचा म्हणून फोटो धरून पुढे चालला, दहा वर्षांत एकदाही न फिरकलेला. मी पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले, सगळ्यांसारखं चितेपाशी एक चंदनाचं फूल ठेवलं आणि पायऱ्या उतरले. मैत्रिणीने किती रडायचं, यालाही माप असतं. जास्त झालं की लोक वळून बघतात. म्हणून मी रडलेच नाही.

दुपारी वीत दारात हजर. "मावशी, चला की! शेवया संपतील, मग मला बोल लावाल."

"माझं पोट बरं नाही."

"काल तर दोन वाट्या भात चापलात माझ्यासमोर. उठा!"

उठले. काय करणार? गल्लीभर टेबलं मांडली होती, तांदळाच्या शेवयांवर माशाची आमटी वाढणं चाललं होतं, न्हावी कोंग मोगऱ्याचा हार घालून सगळ्यांच्या पाया पडत होता. माझ्यापाशी आला आणि हात धरून म्हणाला, "मावशी, आता तर कायदाच झाला. तुमच्यासाठी बघू का एखादी? आयुष्यभर लग्न नाही, कुणी नाही. किती दिवस एकटं राहायचं?"

टेबल खदखदून हसलं. मीही हसले. चावट मेला! पण त्याचा काय दोष? तो गल्लीत आला दोन वर्षांपूर्वी. छवीला त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं ते त्याच टेबलावर बसून शेवया ओढत होते, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.  चौतीस वर्षं, आणि हिशेबात मी ‘कुणी नाही’.

साडेतीनच्या मुहूर्तावर पलंग लावायचा होता. हे काम समोरच्या लामुनताईंचं. त्यांच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, नवरा धडधाकट, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक जोडप्याचा पलंग त्या दोघांनीच लावलेला. सलूनवरच्या खोलीत बायकांची ही गर्दी. कोहळा, वरवंटा, तीळ, सगळं शकुनाचं मांडलेलं. कुणीतरी शकुनाचंच पांढरं मांजर धरून उभं होतं आणि ते जीव खाऊन ओरडत होतं. लॉन्ड्रीवाली तोई, साठीची आणि बिनलग्नाची, उशांना अभ्रे घालत होती. लामुनताईंनी चादर टाकली. एक कोपरा वर राहिला आणि माझी सोनेरी पट्टी चुरगळली. माझ्याच्याने बघवेना. मी पुढे होऊन कोपरा धरला.

लामुनताईंनी माझं मनगट पकडलं. "रंपाई, तू नको."

"का? चादर माझ्या हातची आहे."

"शिवलीस ते ठीक. अंथरायला हात लावू नकोस."

मी भडकले. "तोई चालते, मी नाही? तिचं तरी कुठे लग्न झालंय?"

"तोई कुमारी आहे, तिचं चालतं. तुझं माणूस गेलंय." त्या हळू बोलल्या नाहीत. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "छवीला जाऊन तीनच वर्षं झाली. विधवेने नव्या जोडप्याचा पलंग लावायचा नसतो, हे मी तुला सांगायचं?"

 वीत कानकोंडा होऊन म्हणाला, "आजी, आजच्या दिवशी तरी असलं काही काढू नका. लावू दे मावशींना."

"गप रे तू!" मी ओरडले. "बरोबर बोलतायत त्या. मी विधवा आहे."

शब्द तोंडातून बाहेर पडला. मी कोपरा सोडला.

"चौतीस वर्षं तुम्हा दोघींना समोरून बघितलं," लामुनताई म्हणाल्या. "मला काय डोळे नाहीत?"

"मग विहारात कुठे गेले होते हे डोळे?"

त्यांनी मान खाली घातली. "धीर झाला नाही गं," एवढंच म्हणाल्या, आणि पट्टीवरची चुरगळ स्वतःच्या तळहाताने नीट केली.

मी दाराशी गेले. आत लामुनताई आणि त्यांच्या नवऱ्याने रिवाजाप्रमाणे पलंगावर क्षणभर आडवं होऊन दोघा पोरांना सुखाचा आशीर्वाद दिला, आणि बायकांनी कोंग-वीतवर फुलं उधळली. मी उंबऱ्याबाहेरून बघत होते, आणि तिथेच, सगळ्यांदेखत, मोठ्याने रडले. तोईने माझ्या हातात रुमाल दिला. काय झालं, असं एकीनेही विचारलं नाही.